कोंबडीचं म्हणणं

धक्का इतका हलका होता की टॅक्सीत मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर अंड्यांचा ट्रे असता तर त्यातलं एकही फुटलं नसतं. बागिओ शहरातला बोकावकानचा चढ संपून गाड्यांची रांग जिथे उताराला लागते तिथे, सकाळच्या गर्दीत, डेल्फिन बायेंगच्या कोबी भरलेल्या ट्रकचा बंपर पुढच्या पांढऱ्या टॅक्सीला टेकला. टेकला, एवढंच. टॅक्सीवाल्यानं मान बाहेर काढून मागे पाहिलं, डेल्फिनचा चेहरा पाहिला, आणि बागिओच्या टॅक्सीवाल्यांना सभ्यपणाची जी वाईट खोड आहे तिला अनुसरून नुसता हात हलवून तो पुन्हा पुढे पाहायला लागला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तरं देण्यात माणसाचं मन गुंततं. आता डेल्फिनला स्वतःच्या उजव्या पायाखेरीज विचार करायला काही उरलं नाही. आणि पाय म्हणत होता की ब्रेकचं पेडल खाली गेलंच नाही. दगडावर पाय ठेवावा तसं ते पायाखाली नुसतं होतं. मग त्यानं मांडीतला सगळा जोर लावला तेव्हा कुठे ते गेलं, आणि तोवर टॅक्सी आली होती. रांग पुन्हा हलली, पुन्हा थांबली, त्यानं पुन्हा दाबलं, तर पेडल अगदी नेहमीसारखं, शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखं आज्ञाधारक. म्हणजे मघाशी ते जड झालं होतं की आपला पायच जड झाला होता, हे ठरवायला काही पुरावा राहिला नाही.

"टेकला वाटतं," शेजारी बसलेला पासिगोन म्हणाला. पासिगोन म्हणजे डेल्फिनच्या बायकोचा, आउरिंगचा, बाप; डेल्फिनही त्याला तातांग, म्हणजे बाबा, म्हणायचा. डोक्यावर जुनी लोकरीची टोपी, गालात सुपारी, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर असे ठेवलेले, जसा काही कोणी फोटो काढणार आहे.

"रांगेत टेकतोच, तातांग."

"हो, हो. टेकतोच." म्हाताऱ्यानं सुपारी या गालातून त्या गालात नेली. "नवं इंजिन आहे. जोरात असतं."

इंजिन नवं नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. ते जपानात कोणाच्या तरी ट्रकमध्ये आयुष्य काढून, तिथल्या लोकांच्या मते निकामी होऊन, जहाजातून इकडे आलं होतं. पण या डोंगरात निकामी या शब्दाचा अर्थ वेगळा होतो. डेल्फिनच्या ट्रकमधलं जुनं इंजिन तर त्याच्याही आधीच्या काळातलं, टर्बो नसलेलं, अंगानं जाड, आवाजानं धीरगंभीर. त्याच्या आवाजाची डेल्फिनच्या पाठीला इतकी सवय झाली होती की दुसऱ्या गियरमध्ये ते जेव्हा गुरगुरायचं तेव्हा त्याच्या कमरेच्या वरच्या मणक्यात एक प्रकारचं समाधान उमटायचं. पण भाजीच्या मळ्यांतून ला त्रिनिदादच्या बाजारात येताना प्रत्येक चढावर मागून येणारा जो तो त्याला ओलांडून जायचा. एकदा तर शाळेच्या पोरांनी भरलेली जीप ओलांडून गेली आणि पोरांनी मागच्या दारातून त्याला टाटा केलं. आउरिंग त्या वेळी शेजारी बसली होती. ती म्हणाली, "मी उतरून पुढे जाते. तू कोबी घेऊन ये." ती हसत नव्हती. वरच्या मळ्यातून निघालेली कोबी खाली उर्दानेताच्या बाजारात पोचेपर्यंत तिच्या बाहेरच्या पानांना म्हातारपण यायचं, आणि खालचे व्यापारी पानं सोलत सोलत कोबी लिंबाएवढी करून टाकायचे. तेव्हा इंजिन बदलायचं ठरलं. टर्बो असलेलं.

टर्बोला शिट्टी असते. बेस्तो मेकॅनिकनं पहिल्यांदा चालू केलं तेव्हा सगळे खूष झाले, एकट्या डेल्फिनला ती शिट्टी आवडली नाही. कोणी तरी दातांतून हवा आत ओढून 'च्च' करावं, आणि ते 'च्च' संपूच नये, तसा तो आवाज होता. चढ जितका मोठा तितकं 'च्च' मोठं. आत्ताही रांग पुढे सरकताना त्यानं ॲक्सिलरेटर दाबला आणि केबिनखाली कोणी तरी त्याच्याविषयी आपलं मत दिलं.

त्यानं पेडल पुन्हा हलकेच दाबून पाहिलं. ठीक. पुन्हा दाबलं. ठीक. आपण हे पासिगोनच्या लक्षात येऊ न देता करत आहोत हे लक्षात आल्यावर त्याला स्वतःचा राग आला. आपल्या ट्रकचा ब्रेक आपण दाबतो आहोत, त्यात चोरी कसली? पण चोरी होती. चोरी कोंबडीमुळे होती.

ते असं झालं, कालच. नवं इंजिन साखळीला टांगलेलं, खाली ट्रक केबिन वर उचलून 'आ' करून बसलेला, बेस्तोच्या गॅरेजमध्ये तेल आणि पाइनच्या धुराचा वास, आणि बायकोकडची माणसं जमलेली. गाडीला नवं काळीज बसवायचं तर कोंबडी कापायची, तिचं रक्त थोडं लोखंडाला लावायचं, आणि पोट उघडून पित्ताची पिशवी पाहायची, हे डोंगरातल्या लोकांत ठरलेलं. पिशवी भरलेली, टपोरी, काळजाच्या बाहेर मोकळी दिसली तर सगळं ठीक. सुकलेली किंवा काळजाखाली लपलेली असली तर वाईट. मग दुसरी कोंबडी, तीही वाईट निघाली तर तिसरी, असं चांगलं पित्त निघेपर्यंत चालायचं. डेल्फिनच्या निरीक्षणात असं आलं होतं की जमलेली माणसं कमी असली की पहिल्याच कोंबडीचं पित्त उत्तम निघतं, आणि पंगत लांबली की कोंबड्यांची प्रकृती बिघडते. काल पंगत बरीच लांब होती. पासिगोननं कोंबडी उघडली, बोटानं काळीज बाजूला केलं आणि त्याचा चेहरा उतरला. पित्त लपलं होतं. पातळ, ओल्या दोऱ्यासारखं.

"दुसरी आणा," पासिगोन म्हणाला.

"कशाला?" डेल्फिन म्हणाला.

"चांगलं नाहीये."

"तातांग, इंजिन डिझेलवर चालतं. पित्तावर नाही."

हे वाक्य त्यानं आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून निघाल्यावर ते त्यालाच इतकं आवडलं की मागे घेणं अशक्य झालं. बागिओच्या कॉलेजात दोन वर्षं इंजिनियरिंग शिकून पुढचं आयुष्य भाजीत घालवलेल्या माणसाला अशी वाक्यं फार जपून ठेवावी लागतात, आणि मग एखादं सांडतं. बेस्तो हसला. आउरिंग हसली नाही. पासिगोननं कोंबडी बायकांच्या हवाली केली, हात धुतले आणि सगळ्यांबरोबर बसून मुकाट्यानं जेवला. दुसरी कोंबडी वाचली. बाजारात मात्र संध्याकाळीच ते वाक्य डेल्फिनच्या आधी पोचलं. गाजरं धुणाऱ्या बायकांपासून काटा धरणाऱ्या माणसापर्यंत जो तो विचारायला लागला, "काय डेल्फिन, इंजिन बसलं? कोंबडी काय म्हणाली?" "बघ हं, डिझेल संपलं तर कोंबडीला विचार." एक जण तर नुसता कोंबडीसारखी मान हलवत राहिला. डेल्फिनही हसला. हसता हसता त्याला कळून चुकलं होतं की या ट्रकला आता आयुष्यात पंक्चरसुद्धा होऊन चालणार नाही.

रांग सुटली. शहराच्या खालच्या अंगाचा रस्ता मोकळा होता. उजवीकडे बेकरी, पावाचा वास, मग पेट्रोल पंप, मग ज्यापुढे उतारच उतार आहे ते वळण. इथून मागे वळून बेस्तोकडे जायला फार वेळ लागला नसता. बेस्तोनं खाली वाकून पाहिलं असतं, शिट्टी वाजवली असती, आणि म्हणाला असता, "आदिंग, भावा, काय झालं? काही दिसत नाही. ब्रेक चांगले आहेत." आणि मग, अगदी सहज, "मनात काही आलं का?" हे सहजच भयंकर होतं. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी: डेल्फिन शहराच्या वेशीवरून परत आला. का? काही नाही, भीती वाटली. कोंबडीची.

पंपावर त्यानं ट्रक बाजूला घेतला. टायरमध्ये हवा पाहायची म्हणून. हवा त्यानं सकाळीच पाहिली होती. प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असलेली एक सोपी परीक्षा असते. डिझेल गाडीत इंजिनाला जोडलेला एक लहानसा पंप ब्रेकच्या डब्यातली हवा ओढून घेत असतो आणि ती पोकळी पायाला जोर देते. डबा जिवंत आहे की नाही हे पाहायचं तर इंजिन बंद करायचं, पेडल पुन्हा पुन्हा दाबून ते कडक होऊ द्यायचं, मग दाबून धरायचं आणि इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं आत गेलं तर सगळं ठीक. लहान मूलही करील. डेल्फिननं इंजिन बंद केलं. पाय पेडलवर ठेवला. शेजारी पासिगोन समोरच्या काचेतून पंपावरचा टोपीवाला पोलिस पाहत होता, म्हणजे पाहत नव्हता. डेल्फिनचा पाय पेडलवर होता आणि त्याला स्पष्ट दिसलं की ही परीक्षा ब्रेकची नाही. ही परीक्षा कोंबडीनं घातलेली आहे. काल ही कोंबडी कापली गेली नसती तर आज मी हे केलं असतं का? नसतं केलं. एकदा पेडल जड लागलं म्हणून कोणी इतकं करत नाही. पाय घसरला असेल, बुटाला चिखल असेल. म्हणजे आज जर मी हे करतो आहे तर ते त्या ओल्या दोऱ्यासारख्या पित्तासाठी करतो आहे. हा विचार इतका स्वच्छ होता, इतका शास्त्रशुद्ध, की कॉलेजातल्या कोणत्याही मास्तरांनी त्याला पूर्ण गुण दिले असते. त्यानं पाय काढला आणि खाली उतरून टायरवर लाथा मारल्या.

परत चढताना पेडल सहज दाबून पाहिलं. मऊ नाही, कडक नाही, बरोबर. बघ, त्यानं स्वतःला सांगितलं. झालं समाधान?

"हवा आहे ना?" पासिगोननं विचारलं.

"आहे, तातांग."

"मग चल. डुक्कर विकणारा दुपारी निघून जाईल."

हेही एक होतं. पासिगोन उर्दानेताला डुक्कर पाहायला चालला होता. कालपर्यंत त्याला डुक्कर नको होतं. वर गावात डुकरं काही कमी नव्हती, आणि खालची डुकरं उन्हातली, त्यांना वरची थंडी सोसत नाही, असं पासिगोन स्वतःच लोकांना सांगायचा. आज पहाटे मात्र तो ट्रकशेजारी उभा होता आणि क्लीनरला म्हणाला होता, "तू झोप जा. मी जातो याच्याबरोबर." डेल्फिनला वाटलं होतं, म्हातारा आपली फजिती पाहायला येतोय. पहिल्या रांगेतली खुर्ची. पण आता, पाइनची झाडं सुरू झाली आणि धुकं रस्त्यावर उतरायला लागलं तसा तो विचार त्याच्या डोक्यात नीट बसेना. ज्या माणसाला खरोखर वाटतं की या ट्रकचं बरं दिसत नाही, तो त्या ट्रकमध्ये कशाला बसेल? म्हणजे त्याला तसं वाटत नाही. म्हणजे पित्तावर त्याचाही विश्वास नाही, सगळं पंगतीसाठी. मग काल त्याचा चेहरा तसा का झाला? आणि विश्वास असेल, आणि तरीही बसला असेल, तर? डेल्फिननं तो विचार तिथेच सोडला. एखाद्या खोलीचं दार उघडावं आणि आत कोणी कपडे बदलत असावं तसं त्याला झालं.

उतार सुरू झाला. त्यानं गियर खाली घेतला, इंजिन गुरगुरलं, पण जुन्यासारखं नाही; हे इंजिन उतारावर ट्रकला मागे धरण्यात जरा आळशी होतं. ब्रेक. ठीक. वळण. ब्रेक. ठीक. बाहेर दरीत ढग असे पडले होते जशी कोणी गादी पिंजून टाकली आहे. त्याला मार्सियालची आठवण आली. आठवण आली म्हणणं चूक आहे, मार्सियाल पंपापासूनच आत येऊन बसला होता, दोघांच्या मधोमध, गियरच्या दांड्याशी, लहान असल्यामुळे पाय खाली न पोचणारा. मार्सियाल डेल्फिनचा धाकटा भाऊ. त्याला ताप भरला तेव्हा आईनं कोंबडी कापवली होती. ती कापणारा म्हातारा दुसरा होता, केव्हाच मेला. पण ते पित्त डेल्फिनला अजून दिसत होतं. भरलेलं, हिरवंगार, द्राक्षासारखं तकतकीत. इतकं सुंदर पित्त त्या गावात कोणी पाहिलं नव्हतं. म्हातारा हसला, आई रडत रडत हसली, शेजारीपाजारी हसले. सगळ्यांनी रस्सा प्यायला, मार्सियाललाही दोन चमचे पाजला. डेल्फिनला पाय मिळाला होता. मोठा तुकडा. तो चवीनं खात होता, हाडसुद्धा चोखलं, आणि पातेलं घासून पालथं घालायच्या आत आतल्या खोलीतून आईचा हंबरडा ऐकू आला. तो आवाज, आणि तोंडातली कोंबडीची चव. पुढे कॉलेजात जे काही तो शिकला ते सगळं त्या चवीवर पाणी ओतण्यासाठी शिकला. ज्या पित्तानं मार्सियालच्या वेळी हसून खोटं सांगितलं, ते आता तोंड लपवून खरं बोलतंय म्हणून कसं मानायचं? चांगल्या पित्ताला ज्यानं माफ केलं नाही तो वाईट पित्ताला घाबरला तर मार्सियालला काय वाटेल? हे बरोबर होतं. यात कुठेही चूक नव्हती.

पेडल जड झालं.

या वेळी शंका नव्हती. समोर मिनीबस, तिच्या मागे लिहिलेलं देवाचं वाक्य वाचता येईल इतक्या जवळ आणि अजून जवळ येत असलेली, तिचे लाल दिवे पेटलेले, आणि डेल्फिनचा पाय दगडावर. तो सीटवरून अर्धा उठला. हँडल धरून, पाठ मागे टेकून, अख्खं शरीर त्या पायात ओतलं. ट्रक ऐकत होता पण बहिऱ्या माणसासारखा, उशिरा. मागे कोबीचं ओझं एकदा पुढे ढकललं गेलं आणि सांध्यासांध्यातून कण्हलं. मिनीबसनं वळण घेतलं, रस्ता मोकळा झाला, देवाचं वाक्य धुक्यात गेलं. डेल्फिनच्या तोंडात लोखंडाची चव आली. त्यानं गियर आणखी खाली घेतला. इंजिननं किंकाळी फोडली, ट्रक अडखळला, मंदावला. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. ट्रक हळू चालला होता. पुढे वळणं होती, किती होती ते त्याला पाठ होतं, आणि प्रत्येक वळणावर पाय लागणार होता. थांबायला हवं. हे त्याला इतकं स्पष्ट कळलं की त्याचे ओठ हलले. पण थांबवून काय सांगायचं? 'तातांग, ब्रेक जड लागतोय' या साध्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दावर एक कोंबडी बसली होती. तो खाकरला. म्हाताऱ्याचे हात अजून गुडघ्यांवरच होते. त्याची नजर खाली गेली तेव्हा त्याला पासिगोनचा उजवा पाय दिसला. चपलेतली बोटं आखडून त्यानं तो पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरला होता. जिथे ब्रेक नसतो तिथे. किती वेळ दाबून धरला होता कोण जाणे. पोटरीची शीर टरारून वर आली होती.

आणखी एक वळण. अर्धा उभा राहून त्यानं ते घेतलं. डाव्या चाकाखालून खडी उडाली. तो बोलणार होता. खरंच बोलणार होता. वाक्य जिभेवर आलं होतं, आणि ते तसंच आत गेलं, कारण त्याला दुसऱ्या एका माणसाचं हसणं ऐकू आलं, बाजारातल्या, मान हलवणाऱ्या. माणूस मरणाला भितो त्याहून कशाला तरी जास्त भितो, हे त्याला त्या क्षणी अगदी शांतपणे दिसलं, आणि ते पाहून त्याला सुधारायला मुळीच मदत झाली नाही.

"थांबव," पासिगोन म्हणाला.

"काय?"

"पुढे पाण्याचा पाइप आहे ना, गाड्या धुतात तिथे. थांबव. मला लागलीय."

"आत्ता?"

"मग काय उर्दानेताला पोचल्यावर? माझी पिशवी जुनी आहे, तिला कोणी टर्बो लावलेला नाही."

डेल्फिननं हो म्हटलं की नाही ते त्याला आठवत नाही. त्यानं पहिला गियर घातला, म्हणजे घुसवला, हँडब्रेक दातओठ खाऊन ओढला, आणि ट्रक डोंगराच्या अंगाला, गटाराच्या दगडी कडेला घासत नेला. टायर दगडाला लागला, रबर जळल्याचा वास आला, ट्रक एकदा पुढे, एकदा मागे झाला आणि उभा राहिला. तो पूर्ण थांबायच्या आधीच पासिगोन खाली होता. ज्याला घरात पायरी उतरायला आउरिंगचा हात लागतो तो म्हातारा सीटमागचा लाकडी ठोकळा ओढून, पुढच्या चाकाखाली सरकवून, वर टाचेनं दोन लाथा हाणून त्याला बसवून मोकळा झाला. मग कमरेवर हात ठेवून तो कण्हला, पुन्हा म्हातारा झाला, आणि रस्ता ओलांडून दरीच्या कडेला जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"मला वेळ लागेल," तो दरीला म्हणाला. "तोवर तू हवं तर ते तुझं इंजिन बघ. गरम झालं असेल."

डेल्फिननं केबिन वर उचलली. गरम वाफ तोंडावर आली. आणि पाहिल्याबरोबर दिसलं. इतकं सोपं होतं की संताप यावा. पंपापासून ब्रेकच्या डब्याकडे जाणारी रबराची नळी जुनीच होती. बेस्तो म्हणाला होता, चांगली आहे, राहू दे, आणि डेल्फिन म्हणाला होता, राहू दे. ती पूर्वी जिथून जायची तिथूनच आत्ताही गेली होती. पूर्वी तिथे नुसती हवा होती. आता तिथे टर्बो होता, चढ चढून आल्यावर निखाऱ्यासारखा तापणारा. तापून तापून नळी मऊ झाली होती आणि आतली पोकळी तिलाच चोखत होती. मधोमध ती चपटी झाली होती, दोन ओठ घट्ट मिटल्यासारखी. थोडं निवलं की ओठ उघडत, तापलं की मिटत. म्हणून शहराच्या चढावर जड, पंपावर ठीक, आणि उतारावर खालच्या गियरमध्ये इंजिन राबलं की पुन्हा जड. म्हणून सकाळी बेस्तोच्या अंगणात सगळं उत्तम. यात कोंबडीचं काही नव्हतं. यात कोंबडीविरुद्धही काही नव्हतं. त्या विचारानं त्याला जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. तो नळीकडे पाहत राहिला.

मग त्यानं डोंगरातून येणाऱ्या पाण्याची बादली भरली, नळीवर थोडं थोडं ओतलं, ती कडक होऊ दिली. मऊ झालेला भाग चाकूनं कापून टाकला. उरलेली नळी टर्बोपासून लांब, बॅटरीच्या बाजूनं सरळ आणली तर अगदी जेमतेम पुरली; पट्ट्या आवळल्या, तारेनं बांधली. हात भाजला, साल गेलं. मधूनच तो मान वर करून पाहायचा. पासिगोन तिथेच. पाय फाकून, खांदे थोडे पुढे, टोपी कानांवर ओढलेली, समोर ढग.

"तातांग, झालं का?"

"कसलं होतंय. आता कुठे सुरुवात."

एक जीप वरून आली. ड्रायव्हरनं हॉर्न देऊन म्हाताऱ्याला ओरडून विचारलं, "आपो, दरी भरून काढताय काय?"

"तू खाली जाऊन बघ, कुठवर आली ते!" पासिगोन मागे न वळता ओरडला. जीप हसत गेली.

डेल्फिननं केबिन खाली घेतली आणि आत चढला. पेडल दाबून दाबून कडक केलं, दाबून धरलं आणि किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पायाखालचं पेडल हळूच, झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं, आत गेलं. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा गेलं. इंजिन जोरात चालवून, चांगलं तापवून, त्यानं किती वेळा केलं त्याला भान नव्हतं. प्रत्येक वेळी ते जात होतं. मग इंजिन बंद करून तो तसाच बसला. बाहेर पाण्याचा पाइप वाहत होता, पाइनच्या झाडांत कुठे तरी पक्षी ओरडत होता, आणि ती 'च्च' करणारी शिट्टी नसल्यामुळे जगात एकदम पुष्कळ जागा झाली होती.

तो उतरला. रस्ता ओलांडून म्हाताऱ्याच्या मागे, थोडा बाजूला जाऊन उभा राहिला. पासिगोनची पँट नीट लावलेली होती, पट्ट्यासकट. त्याच्या पायांपुढची धूळ कोरडी होती. चपलेचे ठसे होते, एक सुपारीची लाल पिंक होती, बाकी एक थेंब नव्हता. हात पोटाशी धरून तो म्हातारा इतका वेळ येणाऱ्याजाणाऱ्यांच्या थट्टा झेलत दरीकडे तोंड करून नुसता उभा होता.

डेल्फिनला काही तरी म्हणायचं होतं. मार्सियालचं नाव त्याच्या घशापर्यंत आलं.

"तातांग..."

"तुझं झालं का?" पासिगोननं विचारलं. मान वळवली नाही.

"झालं."

"नीट?"

"नीट."

"मग माझंही झालं." म्हाताऱ्यानं नसलेलं बटण लावल्यासारखं केलं, नाक शिंकरलं आणि खाली ढगांत बोट दाखवून म्हणाला, "ऊन पडायला लागलंय खाली."

डेल्फिनचा पाय मात्र ट्रककडे वळेना. ट्रककडे जायला वळलेला पासिगोन थांबला, त्यानं एकदा जावयाकडे पाहिलं, आणि परत येऊन पहिल्याच जागी, पाय फाकून, उभा राहिला. डेल्फिन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला मात्र खरंच लागली होती.